साठीच्या आतले प्रवासी

मी एक जुनी पांढरी व्हॅन आहे, मित्रांनो. सध्या खांदेश्वरला एका इमारतीच्या मागच्या भिंतीशी उभी असते. जवळून गेलात तर माझ्या उजव्या अंगावर मोठमोठे पोचे दिसतील. शाळेत जाणारी मुले एकमेकांना विचारतात, ही गाडी कुठे धडकली असेल? मी कुठेच धडकले नाही. मला मारले आहे. कोणी मारले, का मारले आणि त्या सकाळी माझ्यात कोण कोण बसले होते, ते आज सांगते.

तसा माझा जन्मही मारातूनच झाला. कारखान्यात पत्र्याचा ताव यंत्राखाली सरकवला जाई आणि वरून अवजड साचा आदळे. एका दणक्यात दार, दुसऱ्या दणक्यात छप्पर. पण त्या मारामुळे मला आकार आला. पुढे मी जो मार पाहिला त्यातून काही घडत नाही, नुसते मोडते.

सुरुवातीला मी न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात कामगारांची ने-आण करत होते. तिसऱ्या वर्षी बंदराच्या रस्त्यावर एका ट्रेलरने मोटारसायकलवाल्याला चिरडले. ट्रेलर निघून गेला आणि त्याच्या मागे मी होते. जमावाने माझी पुढची काच फोडली, माझ्या ड्रायव्हरला कॉलर धरून बाहेर ओढले आणि लाथांनी तुडवले. "मी नव्हतो, मी नव्हतो," असे तो दात सांडत सांगत होता. जमावाला ऐकू येत नाही, हे मी तेव्हा शिकले. पुढे कोणताच ड्रायव्हर माझ्यात बसायला तयार होईना, म्हणून यार्डाच्या मालकाने मला खांदेश्वरच्या आधारवेल ज्येष्ठ सेवा मंडळाला देऊन टाकले.

तिथे माझा पुनर्जन्म झाला. मागे चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बसवली, आत धरायला दांडे लावले. अंगावर निळ्या अक्षरांत मंडळाचे नाव आले आणि त्याखाली एक ओळ: 'फक्त साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी'.

ती ओळ लिहून घेतली मंडळाच्या सचिवांनी, नंदकिशोर काकांनी. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शर्टाला कडक इस्त्री, बोलणे मोजके. माझा ड्रायव्हर कुंदन हा खाडीकाठच्या गावचा, चाळिशीचा, तोंडाने फटकळ पण हाताने हळुवार. आम्ही सकाळी म्हाताऱ्यांना डायलिसिसला न्यायचो, दुपारी व्यायामाच्या केंद्रावर, कधी डोळ्यांच्या ऑपरेशनला. दसऱ्याला माझ्या नाकावर झेंडूची माळ चढे आणि आज्ज्या माझ्या दारावर हळदीकुंकवाची बोटे उमटवत. त्या दिवसांत मी फार लाडात होते.

पण मंडळाचे आणखी एक काम होते. घरात मार खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी त्यांनी एक फोन ठेवला होता. त्या फोनवरूनच काशीआजी आमच्याकडे आली.

गावाची जमीन गेली, तिथे इमारत उभी राहिली आणि काशीआजीच्या नावावर दोन फ्लॅट आले. त्यांच्या कागदांवर अंगठा हवा म्हणून थोरल्या मुलाने तिला जिन्यावरून फरफटत खाली आणले. मी फाटकापाशीच उभी होते. तिचे डोके पायऱ्यांवर आपटत होते आणि शेजारची माणसे गॅलरीत उभी राहून पाहत होती. नंदकिशोर काका माझ्यातून उतरले आणि मुलाच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. त्याने त्यांच्या थोबाडीत मारली. चष्मा उडाला. काकांनी तो उचलला, तडकलेल्या काचेसकट डोळ्यांवर ठेवला आणि म्हणाले, "अजून मारायचं असेल तर मार. पण त्या आज आमच्या गाडीतून जाणार." पोलीस येईपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

हे मुद्दाम सांगितले, मित्रांनो. पुढची गोष्ट ऐकून तुम्ही काकांना भित्रा म्हणाल. ते भित्रे नव्हते.

काशीआजी आता धाकट्या मुलीकडे राहत होती आणि खांद्याच्या व्यायामासाठी माझ्यातून येत-जात होती. माझ्या दारापाशी बसून ती सगळ्यांवर हुकूम सोडायची.

समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर प्राची राहायची. तेवीस वर्षांची, सीवूड्सच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात नोकरी. नवरा राजवर्धन बंदरावर माल सोडवण्याच्या कामात होता. सासू वैजयंतीबाई फारशी दिसायची नाही. खिडकीत मात्र रोज उभी असे आणि माझ्याकडे पाहत असे.

एके दुपारी प्राची मंडळात आली. मी त्यांच्या खिडकीला लागूनच उभी असते, त्यामुळे आतले सगळे ऐकू येते. तिने ओढणी गालापर्यंत ओढली होती.

"काका, तो फोन तुमचाच ना? घरात मारतात त्यांचा?"

"हो. कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"वय काय तुझं?"

"तेवीस."

"बाळ, आमचं काम साठच्या पुढचं. माणसं चार, गाडी एक. सगळ्यांचं करायला गेलो तर कोणाचंच होत नाही." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले. "हा महिलांच्या हेल्पलाईनचा नंबर. तिथे कर फोन. चांगली माणसं असतात."

तिने चिठ्ठीची बारीक घडी करून पर्समध्ये ठेवली आणि ती गेली. काकांना वाटले, आपण मदत केली. खोटे कशाला सांगू, मलाही तसेच वाटले. मी माझ्या अंगावरची ओळ अभिमानाने मिरवत होते.

ती चिठ्ठी राजवर्धनला सापडली.

पुढे काय झाले ते प्राचीनेच नंतर काशीआजीला सांगितले, माझ्याच सीटवर बसून. तिने फोन केलाच नव्हता, नुसती हिंमत गोळा करत होती. चिठ्ठी हातात आल्यावर राजवर्धन ओरडला नाही. त्याने दार लावले, टीव्ही मोठा केला आणि तिला पट्ट्याने मारले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मॉलची नोकरी त्याने फोन करून सोडवली. मोबाईल काढून घेतला. कामाला जाताना तो बाहेरून कुलूप लावू लागला.

अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी मंडळाच्या दारात सुरू होऊन उभी होते. आत काशीआजी आणि आणखी तिघे म्हातारे. पुढे कुंदन, त्याच्या शेजारी नंदकिशोर काका. आधी यांना व्यायामाला सोडायचे, मग गोटीराम बाबांना घ्यायला उलव्याला जायचे. गोटीराम बाबा शहात्तर वर्षांचे. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. ठरलेल्या वेळेला रस्त्यावर येऊन माझी वाट पाहत उभे राहायचे.

समोरच्या जिन्यातून प्राची धावत आली. राजवर्धन त्या दिवशी घरीच होता, म्हणून दाराला बाहेरून कुलूप नव्हते. पाय अनवाणी. डाव्या कानातून रक्त मानेवर उतरत होते आणि कोपरापासून लोंबणारा उजवा हात तिने डाव्या हाताने धरून ठेवला होता. ती माझ्या सरकत्या दारावर डोके टेकून उभी राहिली. दार उघडायला तिच्याकडे मोकळा हातच नव्हता.

कुंदनने काकांकडे पाहिले. काकांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. फक्त एक क्षण, मित्रांनो. तो क्षण माझ्याही अंगावर आहे.

काशीआजीने आतून दार सरकवले. "चल पोरी, आत ये. माझ्या पायाशी बस."

"आजी, नियम…" मागून कोणीतरी पुटपुटले.

"नियमाला रगत येत नाय," आजी म्हणाली आणि तिने प्राचीला काखेत हात घालून आत ओढले.

तेवढ्यात राजवर्धन खाली आला. हातात खिडकीच्या ग्रीलची उपटलेली सळई होती. त्याने पहिला घाव माझ्या आरशावर घातला, दुसरा दारावर, मग खिडक्यांवर. काचा फुटून म्हाताऱ्यांच्या अंगावर पडल्या. एका आजोबांच्या कपाळातून रक्त वाहू लागले. सळई फुटक्या खिडकीतून आत आली. ती प्राचीच्या डोक्यावर बसणार होती. काशीआजीने हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. कोरड्या फांदीसारखा.

मग काका उतरले. आता चष्मा सावरला नाही, काही बोललेही नाहीत. सरळ त्या सळईपुढे गेले आणि दोन्ही हातांनी ती धरली. राजवर्धनने ती हिसकून त्यांच्या खांद्यावर घातली. काका गुडघ्यावर आले. दुसरा घाव पाठीवर. ते पालथे पडले तरी त्यांनी त्याचा पाय धरून ठेवला. तो त्यांना लाथा मारत होता आणि ते पाय सोडत नव्हते.

राजवर्धन माझ्या पुढ्यातच उभा होता. कुंदनचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता. माझे इंजिन गरजत होते. तुमच्यापासून लपवणार नाही, मला त्या माणसाला चिरडायचे होते. कुंदनलाही. त्याच्या मुठी स्टीअरिंगवर पांढऱ्या पडल्या होत्या. पण काका तिथेच जमिनीवर होते आणि मागून काशीआजी म्हणाली, "कुंदन, मागं घे. मागं घे बाला. आपन मारायला नाय निघालो."

त्याने मला मागे घेतले. तोवर सोसायटीची माणसे धावली. त्यांनी राजवर्धनला पाडले आणि ती सगळी त्याच्यावर तुटून पडली. इतके दिवस मोठा टीव्ही ऐकून गप्प बसलेली माणसे. ज्याच्या हाताला जे लागले ते घेऊन मारत होती. पोलीस आले नसते तर त्याचा जीव गेला असता. बंदराच्या रस्त्यावरचा तो जमाव मला आठवला. या वेळी माणूस खरा गुन्हेगार होता, तरी आवाज तोच होता.

आम्ही सगळे रुग्णालयात गेलो. काचा नसलेल्या खिडक्यांतून वारा आत घुसत होता आणि माझ्या फरशीवर पाच जणांचे रक्त एकत्र झाले होते. मग पोलीस मला पंचनाम्यासाठी घेऊन गेले. सोळा दिवस मी पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हात उभी होते.

आणि या सगळ्यात गोटीराम बाबांची आठवण कोणालाच राहिली नाही. फोनसुद्धा कोणी केला नाही.

ते उलव्याच्या रस्त्यावर दीड तास उभे होते. मग चक्कर येऊन पडले. घरच्यांनी त्यांना उचलून नेले, पण त्या दिवसाचे डायलिसिस चुकले. पुढचेही चुकले, कारण गाडीच नव्हती आणि रिक्षात बसणे त्यांना जमेना. अंगात पाणी भरले, श्वास कोंडला. आठवडाभर ते अतिदक्षता विभागात होते.

मी सुटून आले त्या संध्याकाळी मंडळाची बैठक भरली. बैठकीची खोली वरच्या मजल्यावर आणि काकांना जिना चढता येत नव्हता, म्हणून खुर्च्या खाली माझ्याशेजारीच मांडल्या. काकांचा हात गळ्यात होता. काशीआजीचा प्लास्टरमध्ये. प्राची तिच्या बाजूला बसली होती. डाव्या कानाने तिला आता ऐकू येत नव्हते. प्रश्न एकच होता: पुढे असे कोणी आले, साठीच्या आतले, तर काय करायचे?

गोटीराम बाबा सगळ्यांत आधी बोलले. खुर्चीतून उठले नाहीत, आवाज मात्र ताठ होता.

"पोर वाचली, बरं झालं. मी तिच्यावर रागावलू नाय. पन मी रस्त्यावर पडलू होतो. तुमच्यातल्या कोनी मना उचललं? ही गाडी म्हाताऱ्यांची. तरण्यांना सरकार हाय, पोलीस हाय, पलायला पाय हायेत. आमाना काय हाय?"

बाबा खोटे बोलत नव्हते.

"तिला पाय होते म्हणूनच ती इथवर आली, बाबा," काशीआजी म्हणाली. "त्याच्यापुढं कुठं जानार होती?"

"मना ते नको सांगू. माझा डायलिसिसचा वार चुकला."

"चुकला. माझी चूक हाय. मना तुमची आठवन यायला पायजे होती." आजी कधी चूक मान्य करत नसे, त्यामुळे सगळे तिच्याकडे पाहू लागले.

मग काका बोलले. "चूक माझी आहे. त्या सकाळच्या अकरा दिवस आधी ही मुलगी आली होती. मी तिला वय विचारलं आणि चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी सापडली म्हणून तिला मारलं. आणि त्या सकाळी ती दारात उभी होती तेव्हाही मी वयच मोजत होतो." त्यांनी गोटीराम बाबांकडे पाहिले. "तरीही मी अजून म्हणतो, गाडी एक आहे. बाबांचं म्हणणं मला खोडता येत नाही."

बैठक तिथेच अडकली असती. पण समोरच्या जिन्यातून वैजयंतीबाई खाली आल्या. राजवर्धनची आई. प्राचीने मान फिरवली. ती आत मार खात असताना या बाई दुसऱ्या खोलीत बसून राहत.

त्या कोणाकडे न पाहता म्हणाल्या, "राजवर्धनला उद्या जामीन मिळतोय. घरी येईल."

"मग?" काशीआजीने विचारले.

वैजयंतीबाईंनी साडीचा पदर खांद्यावरून थोडा सरकवला. तिथे जुन्या जखमांचे वण होते, एकावर एक. काही काळे, काही पांढरे पडलेले.

"प्राची यायच्या आधी मला मारायचा. ती आली आणि माझा मार थांबला. म्हणून मी गप्प बसले. आता ती गेली. उद्या पुन्हा मीच आहे."

काकांनी हळूच विचारले, "तुम्ही आमच्याकडे का नाही आलात? एवढ्या समोर राहता."

"रोज खिडकीतून वाचायचे ना मी. साठ वर्षांवरील." त्या माझ्याकडे पाहत होत्या. "मला अठ्ठावन्न पूर्ण झालीत. म्हटलं, दोनच वर्षं राहिलीत. काढू."

मित्रांनो, माझ्यावर सळईचे घाव पडले तेव्हा पत्रा वाकला. त्या वाक्याने मात्र माझ्या अंगावरचे प्रत्येक निळे अक्षर मला टोचू लागले.

गोटीराम बाबांनी काठी टेकली. "तिला आताच न्या. उद्याची वाट बघू नका." आणि लगेच पुढे म्हणाले, "पन माझा वार चुकवायचा नाय. दोनी गोष्टी झाल्या पायजेत."

त्याच संध्याकाळी, उजेड असतानाच, वैजयंतीबाई एक पिशवी घेऊन माझ्यात बसल्या. काशीआजी त्यांना आपल्या मुलीच्या घरी घेऊन गेली. प्राची त्यांच्या शेजारी बसली नाही. ती गाडीत चढलीच नाही. "मी माझी जाते," एवढेच म्हणाली. तिला तो राग धरायचा पूर्ण हक्क होता.

मंडळाने ठरवले ते असे. मार खाणाऱ्याला वय विचारायचे नाही. डायलिसिसची फेरी मात्र कशासाठीही थांबायची नाही. मी अडकले तर सभासदांपैकी ज्याची गाडी जवळ असेल त्याने निघायचे. पहिल्यांदा तशी वेळ आली तेव्हा काका आपली छोटी मोटार घेऊन उलव्याला गेले. खांदा नीट भरला नव्हता, गियर टाकताना कळ यायची. गोटीराम बाबा गाडीत बसल्यावर म्हणाले, "उशीर झाला पाच मिनिटं." काकांनी माफी मागितली.

दोघे मंडळ सोडून गेले. त्यांचे म्हणणे होते, म्हाताऱ्यांसाठी सुरू केलेले काम आता कोणाचेही होऊन बसेल. ते अगदीच चुकीचे नव्हते. नंतर असे दिवस आले की फोन सारखा वाजे आणि आमची माणसे पुरी पडत नसत. एकदा बापाने मारलेला सतरा वर्षांचा मुलगा माझ्यात बसला, एकदा दोन लेकरांना घेऊन एक बाई. माझ्या काचा आणखी दोनदा फुटल्या. म्हाताऱ्यांनीच काचा वेचल्या.

राजवर्धनवरचा खटला अजून चालू आहे. प्राची पनवेलला मैत्रिणींबरोबर राहते, पुन्हा नोकरी करते. वैजयंतीबाईंना तिने एकदाच फोन केला. काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. वैजयंतीबाई मंडळाच्या फोनवर बसतात. काशीआजीचा हात वाकडाच जुळला. त्या वाकड्या हाताने ती अजून सगळ्यांवर हुकूम सोडते. गोटीराम बाबा दोन वर्षे जगले आणि त्यांचा एकही वार चुकला नाही.

आता माझी मुदत संपत आली आहे. इंजिन धापा टाकते, उतरण गंजली. लवकरच मला भंगारात नेतील आणि पुन्हा एका दणक्यात माझा चौकोन होईल. त्याचे दुःख नाही. दुःख एवढेच की माझ्या जागी येणाऱ्या गाडीची काळजी कोणी घेईल की नाही. तिचे तेल वेळेवर बदला, मित्रांनो. तिचा ब्रेक तपासा. म्हाताऱ्यांच्या गाडीला कोणी धुवत नाही, तिला धुवा. ती एकटी पडू नये म्हणून तुमच्या घरची गाडीही कधीतरी बाहेर काढा.

आणि भिंतीपलीकडे टीव्ही एकाएकी मोठा झाला, तर बेल वाजवा. साखर मागायला आलो म्हणा, काहीही म्हणा, पण वाजवा. मदत मागणाऱ्याला वय विचारू नका. मारणाऱ्याला मारायलाही धावू नका, जो मार खातो आहे त्याला आधी बाहेर काढा. आणि असे धावताना, त्याच वेळी कुठल्यातरी रस्त्यावर एखादे म्हातारे माणूस तुमची वाट पाहत उभे असेल, तर त्याला तेवढा एक फोन करा.